संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की अनेक माध्यमिक शाळांच्या सूचनाफलकावर एक सूचना लागते. 'इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचे गिरिभ्रमण व साहस शिबिर. इच्छुकांनी पालकांचे संमतिपत्र शनिवारपर्यंत आणून द्यावे.' सूचना वाचून वर्गात एकच गलका उडतो. संध्याकाळी तो कागद घरी जातो. आई विचारते, "रात्री झोपायचं कुठं?" वडील विचारतात, "पैसे किती?" आजी म्हणते, "घरातलं सुख सोडून डोंगरात कशाला जायचं?" दोन दिवस वाटाघाटी चालतात आणि अखेर त्या कागदावर सही होते किंवा होत नाही. सही झाली, की तयारी झाली असे सर्वजण धरून चालतात. मग उरते ती फक्त बुटांची खरेदी.

माझे भांडण आहे ते नेमके याच समजुतीशी. सही ही तयारीची शेवटची पायरी असायला हवी. आपण मात्र तिलाच पहिली आणि एकमेव पायरी करून ठेवले आहे. डोंगरावर जायला हवेच, या मताची मी आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि विद्यार्थिदशेपासून सह्याद्रीत हिंडत आले आहे. पण तयारी म्हणजे काय आणि ती कोणी करायची, याचा विचार विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांनीही करायला हवा, असे मला एका प्रसंगाने शिकवले. तो प्रसंग आधी सांगते.

एका रकान्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका शाळेने असेच शिबिर नेले होते. माझी मुलगी त्या शाळेत आठवीत होती. मला डोंगरांची सवय आहे हे ठाऊक असल्याने मदतनीस पालक म्हणून शाळेने मला बरोबर घेतले. डिसेंबर महिना होता. पहाटेच्या थंडीत आम्ही पायथ्याचे गाव सोडले. तासाभराने एका उभ्या चढणीवर नववीतली एक मुलगी सारखी मागे पडू लागली. विचारले तर म्हणाली, "सवय नाही ना, म्हणून." आम्हालाही ते पटले. एका शिक्षकांनी तिला धीर दिला, "चल, चल. वर पोचलीस की आपोआप बरं वाटेल."

दहा मिनिटांनी ती मटकन खाली बसली. श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येत होता. तिची मैत्रीण रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, तिला दमा आहे. पंप आहे तिच्याकडे." पंप होता खरा, पण सॅकच्या अगदी तळाशी. चादर, स्वेटर, लाडवांचा डबा आणि कपडे यांच्याखाली, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. कोणाला दिसू नये म्हणूनच तो तसा ठेवला होता. आम्ही वाटेवरच सॅक उपडी केली. पंप मिळाला, तिने औषध ओढले आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तिचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मग तिला सावकाश घेऊन मी व एक शिक्षिका खाली उतरलो आणि दवाखान्यात गेलो.

त्या रात्री मी तिचे संमतिपत्र काढून पाहिले. 'कोणताही आजार आहे काय?' या रकान्यासमोर वडिलांच्या सुवाच्य अक्षरात 'नाही' असे लिहिलेले होते.

आठवड्याने तिची आई मला भेटली. मी जरा रागानेच विचारले, "तुम्ही हे लपवलंत कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, खरं लिहिलं असतं तर तुम्ही तिला नेलंच नसतंत."

मी काही बोलू शकले नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही तिला नेले नसते. आमचा तो रकाना तिची काळजी घेण्यासाठी नव्हताच. नको असलेली मुले वगळण्यासाठी होता. खरे सांगणाऱ्याला घरी बसावे लागते, हे पालकांना ठाऊक होते. मग खोटे लिहिण्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी कसा मारायचा? आणि तरीही, त्या एका शब्दामुळे त्यांच्या मुलीचा जीव धोक्यात आला होता, हेही तितकेच खरे होते.

दमा असलेली पुष्कळ मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळतात, धावतात आणि डोंगरही चढतात. त्या मुलीच्या डॉक्टरांना आधी विचारले असते, पंप सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असता, थंड हवेत जोराचा श्रम केल्याने दमा उसळू शकतो हे बरोबरच्या शिक्षकांना ठाऊक असते आणि तिला सुरुवातीपासून सावकाश चालू दिले असते, तर बहुधा ती माथ्यावर पोचली असती. तिला दोन्ही शिक्षा मिळाल्या. त्रासही झाला आणि माथाही पाहता आला नाही.

मग जायचेच कशाला?

असा प्रसंग ऐकला, की कोणी तरी म्हणतेच, "म्हणूनच आम्ही पाठवत नाही." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. त्या बातमीने महाराष्ट्रातल्या किती घरांत संमतिपत्रे फाडली गेली असतील! ज्यांच्या घरी वाढते मूल आहे, त्यांची भीती खोटी नाही.

पण ज्या शिक्षणाला आपण साहस शिक्षण म्हणतो, त्याचा जन्म धोक्याच्या आवडीतून झालेला नाही. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ब्रिटनमध्ये आलेले कुर्ट हान नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. ते महायुद्धाचे दिवस होते. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांना तग धरता यावा, यासाठी त्यांची शरीरे आणि मने तयार करणे हा त्यामागचा एक हेतू होता. आपल्याकडे तेनसिंग व हिलरी यांनी १९५३ साली एव्हरेस्ट सर केल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था सुरू झाली आणि तेनसिंग तेथे तरुणांना शिकवू लागले. म्हणजे या शिक्षणाचा गाभा आहे तो संकट ओळखण्याचा, मापण्याचा आणि त्यासाठी आधीच सिद्ध असण्याचा.

हे घरात बसून शिकता येत नाही. ओल्या कातळावर पाय घसरतो म्हणजे काय, हे घर्षणाचा धडा दहा वेळा वाचूनही कळत नाही. आपल्यामागे चालणारा मित्र दमला आहे, हे त्याने न सांगता ओळखायलाही तेथेच शिकायचे असते. मूल कधी ना कधी आपल्याशिवाय डोंगरावर, समुद्रावर, परगावी जाणारच आहे. तेव्हा ते अजाणतेपणी जावे की तयारीने जावे, एवढाच प्रश्न आपल्या हातात आहे. संमतिपत्र फाडल्याने तो सुटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी : वहीतले गणित

आता तुमच्याकडे वळते. तुमची तयारी दुकानात सुरू होत नाही. ती वहीत सुरू होते, आणि तिला नववीच्या पाठ्यपुस्तकापलीकडचे फारसे काही लागत नाही.

प्रथम पाण्याचा हिशेब करू. समजा, तुमचे वजन ४५ किलो आहे आणि पाठीवरच्या सॅकचे ५ किलो. तुम्हाला ६०० मीटर उंची चढायची आहे. कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ५० × ९.८ × ६०० = २,९४,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ७० किलोकॅलरी. एवढेच? एक पोळीसुद्धा पुरेल! पण थांबा. आपले स्नायू हे काही आदर्श यंत्र नाही. अन्नातील ऊर्जेपैकी सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश भागच उपयुक्त कार्यात उतरतो. एकपंचमांश धरला, तर ७० किलोकॅलरी कार्यासाठी ३५० किलोकॅलरी खर्च होतात आणि उरलेल्या २८० किलोकॅलरींची शरीरात उष्णता होते.

ती उष्णता बाहेर टाकली नाही, तर ताप चढेल. शरीर ती मुख्यतः घामाने टाकते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे नुसत्या त्या चढणीसाठी, घामाचा प्रत्येक थेंब कामी आला असे धरले, तरी जवळजवळ अर्धा लिटर पाणी गेले. प्रत्यक्षात दमट हवेत पुष्कळसा घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. ठिबकणारा घाम शरीर थंड करीत नाही, पाणी मात्र घेऊन जातो. शिवाय सपाटीवरची चाल, ऊन आणि उतरण हिशेबात यायचीच आहेत. तेव्हा दिवसभराच्या भ्रमणाला निघताना दोन लिटर पाणी पाठीवर हवेच, आणि वाटेत पुन्हा कोठे भरून मिळेल ते आधी ठाऊक हवे. किल्ल्यावरच्या टाक्यांतले पाणी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाने घोट-दोन घोट घ्या. फार घाम गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे प्या.

दुसरा हिशेब वजनाचा. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात म्हटले आहे. सपाट रस्त्यावरून शाळेत जाण्यासाठी जर ही मर्यादा, तर दिवसभर चढ-उतार करताना ती पाळणे शहाणपणाचेच. तुमच्या वाट्याला साडेचार किलो आले. रिकामी सॅक ७०० ग्रॅम, पाणी २ किलो, खाणे ६०० ग्रॅम, स्वेटर ४०० ग्रॅम, विजेरी, शिटी, औषधे वगैरे ३०० ग्रॅम, कोरडे कपडे व प्लॅस्टिकचा कागद ५०० ग्रॅम. करा बेरीज. साडेचार किलो भरले! आता आईचा लाडवांचा मोठा डबा, चुलतभावाचा कॅमेरा आणि पत्त्यांचे दोन कॅट कोठे बसतात ते पाहा. शिबिराला निघण्यापूर्वी भरलेली सॅक रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला टांगून तिचे वजन करा. पांघरूण, भांडी असे मुक्कामाचे जड सामान शाळेने गाडीने पायथ्याच्या मुक्कामावर न्यावे, अशी विनंती आधीच करून ठेवा.

सॅक भरण्याचीही एक रीत आहे. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात, हलक्या बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून दूर गेली, की तिचे बल-आघूर्ण वाढते, सॅक तुम्हाला मागे खेचते आणि तोल सांभाळायला तुम्ही पुढे वाकता. जी वस्तू घाईने लागेल ती वरच्या किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवावी. यात औषध पहिले.

तिसरा हिशेब वेळेचा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवा. समजा, माथा ६ किलोमीटरवर आहे आणि चढ ६०० मीटरचा. नेस्मिथच्या हिशेबाने २ तास १२ मिनिटे झाली. पण तो नियम सराईत, धडधाकट माणसाचा आहे. चाळीस मुलांचा जथा त्याच्या निम्म्या वेगाने चालतो, असे मी अनुभवाने धरते. म्हणजे चढायला साडेचार तास, जेवण व विश्रांतीला दीड तास आणि उतरायला तीन तास. सकाळी सातला निघालात, तर दुपारी चारला पायथ्याशी याल. मुंबई-पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दोन तास हाताशी राहिले. तोच जथा बस उशिरा आली म्हणून दहाला निघाला, तर खाली यायला सात वाजतील. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. शेवटचा उतार अंधारात येणार, हे तुम्हाला सकाळी दहालाच कळायला हवे, आणि मग माथ्याचा मोह सोडून अर्ध्या वाटेवरून परतायचे धैर्यही हवे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उंची वाढली, की सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यात वारा असतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते, म्हणून घामाने किंवा पावसाने भिजलेला सुती सदरा अंगावर वाळवत बसू नये, मुक्कामाला पोचताच बदलावा. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबरच्या दुपारी वीज चमकताना दिसली, की गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उघडा माथा, धार आणि एकटे झाड सोडून ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तिसरी गोष्ट, कड्यांना लोंबणारी आग्या माश्यांची पोळी. त्यांच्याजवळ धूर, सुगंधी फवारे आणि आरडाओरडा नको.

हे सगळे कागदावर झाले. पायांनाही तयारी हवी. सहाशे मीटर म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरून दोनशे मजले! चार मजल्यांच्या इमारतीचे जिने दहा वेळा चढलात, तर १२० मीटर झाले, एकपंचमांश चढण. शिबिराच्या सहा आठवडे आधीपासून एक दिवसाआड जिने चढा. प्रथम रिकाम्या हाताने, मग वजनाची सॅक पाठीवर घेऊन. जे बूट घालून जाणार, तेच घालून चढा. नवे कोरे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालणाऱ्याच्या टाचेला संध्याकाळपर्यंत फोड येतात, हे मी किती वेळा पाहिले आहे!

मुलींना वेगळे दोन शब्द सांगते. पाळीचे दिवस शिबिरात येतील या संकोचाने पुष्कळ मुली 'मला यायचं नाही' असे म्हणून मोकळ्या होतात आणि खरे कारण कोणालाच सांगत नाहीत. बरोबरच्या शिक्षिकांशी आधी बोला. लागणारे सामान, वापरलेले घडे कागदात बांधून परत आणण्याची पिशवी आणि मुक्कामावर आडोशाची सोय, इतके ठरले की बाकी अडचण सहसा उरत नाही. त्या दिवशी फार दुखत असेल, तर तसे सांगून मुक्कामावर थांबण्यातही कमीपणा नाही.

पालकांसाठी : विचारायचे प्रश्न

पालकहो, "सुरक्षित आहे ना?" हा प्रश्न कृपया विचारू नका. त्याला कोणताही मुख्याध्यापक "हो" एवढेच उत्तर देणार, आणि त्या उत्तरातून तुम्हाला काहीही कळणार नाही. त्याऐवजी असे विचारा. बरोबर येणाऱ्यांपैकी कोणी ही वाट गेल्या महिन्यात चालून आले आहे काय? किती मुलांमागे एक मोठा माणूस आहे? प्रथमोपचार कोणाला येतात? जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि तेथे न्यायला वाहन थांबणार आहे काय? किती वाजता कोठून परत फिरायचे ते ठरले आहे काय, आणि तो निर्णय कोण घेणार? मोबाइल लागत नसेल, तेथे निरोप कसा पोचवणार? बस रात्रीची आहे काय? असेल तर ती दिवसाची करा म्हणून आग्रह धरा. दमलेल्या चालकाचा घाट मला कड्याइतकाच धोक्याचा वाटतो. बाहेरची संस्था शिबिर नेणार असेल, तर तिची नोंदणी आणि प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे पाहायला मागा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तेव्हा असे विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. मुलाची सॅक मुलाला भरू द्या. आईने भरलेल्या सॅकमध्ये विजेरी कोठे आहे ते मुलाला अंधारात सापडत नाही. आणि आजारपणाच्या रकान्यात खरे लिहा. दमा, फिट, हृदयाचा दोष, मधुमेह, कशाची अ‍ॅलर्जी, झोपेत चालण्याची सवय, उंचीची भीती, जे असेल ते.

शिक्षकांसाठी : खरे सांगणाऱ्याला शिक्षा नको

पण पालकांनी खरे लिहावे असे वाटत असेल, तर शिक्षकबंधुभगिनींनो, पहिले पाऊल आपले आहे. त्या रकान्याच्या वरच एक वाक्य छापा: 'ही माहिती विद्यार्थ्याला वगळण्यासाठी नसून त्याची व्यवस्था करण्यासाठी आहे.' आणि ते वाक्य पाळा. दम्याच्या मुलीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, तिच्यासाठी सावकाश चालणारी तुकडी करा. चढ झेपणारच नसेल, तर पायथ्याच्या मुक्कामावर तिला खरे काम द्या. हवामानाची नोंद, निरोपांची वही, वेळेचा हिशेब ही तिथली महत्त्वाचीच कामे आहेत. क्वचित एखाद्याला 'या वेळी नको' असे सांगावेही लागेल. ते बंद दाराआड ठरवू नका, पालकांसमोर बसून कारणासह सांगा. ज्यांच्याकडे बूट किंवा सॅक नाही, अशी मुले बहुधा पैशांचे नाव न काढता 'घरी काम आहे' असे सांगतात. शाळेने पाच-दहा सॅक प्रयोगशाळेच्या साहित्यासारख्या जपून ठेवल्या, तर ही सबब कोणालाच सांगावी लागणार नाही.

माहिती दडपली, की काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २२ मार्च १९९३ रोजी तेथील लाइम उपसागरात शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक नावाच्या छोट्या होड्यांतून निघाले. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. वाऱ्याने बाकीचे सगळे समुद्रात दूर लोटले गेले. मदतीचा इशारा द्यायला दारूचा बाणसुद्धा त्यांच्याजवळ नव्हता आणि वेळ टळून गेल्यावरही तटरक्षकांना खबर उशिरा पोचली. चार विद्यार्थी मरण पावले. पुढे उघड झाले, की त्या केंद्रात पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांकडून सुरक्षिततेतील उणिवांबद्दलचे पत्र संचालकांना आधीच गेले होते. त्या पत्राकडे नीट लक्ष दिले गेले नाही. या दुर्घटनेनंतर १९९५ साली ब्रिटनमध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. त्याही गोष्टीत कोणी तरी खरे सांगितले होते, आणि ऐकणाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटले होते.

म्हणून निघण्यापूर्वी पंधरा दिवस पालक, विद्यार्थी आणि शिक्षक यांची एक बैठक व्हावी. तीत फळ्यावर वाटेचा नकाशा काढावा, वेळेचा हिशेब मुलांनीच मांडावा आणि जे चुकेल ते सर्वांसमोर दुरुस्त व्हावे. एक गोष्ट मुलांना तेथे स्पष्ट सांगावी: 'मला झेपत नाही' असे म्हणणाऱ्याला कोणीही हसणार नाही, आणि तसे म्हटल्यावर 'चल, चल' असे कोणीही म्हणणार नाही. परत आल्यावर पुन्हा एकदा बसावे. कोणते अनुमान चुकले, पाणी कोणाला कमी पडले, वेळ का वाढला, याची नोंद पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ठेवावी. प्रयोगवहीत निरीक्षण व निष्कर्ष लिहितो, तसेच हे.

शेवटी, विद्यार्थीमित्रहो, एक सूचना करते. या वर्षी संमतिपत्र हाती आले, की ते लगेच वडिलांसमोर धरू नका. आधी त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चार गोष्टी लिहा: चढण किती मीटर, पाणी किती लिटर, सॅक किती किलो आणि परत किती वाजता. ज्या गोष्टी ठाऊक नाहीत, त्या शिक्षकांना विचारून भरा. खाली आपल्याला होणारा त्रास आणि त्यावरचे औषध कोणत्या कप्प्यात आहे ते लिहा. मग आई-वडिलांजवळ बसून ती बाजू त्यांना वाचून दाखवा. त्यांची काळजी तेवढ्याने संपणार नाही. पण त्यांना विचारायला नेमके प्रश्न मिळतील आणि तुमच्याजवळ त्यांची उत्तरे असतील.

त्यानंतर कागद उलटा करा, आणि सही मागा.